इंग्लंड: घरच्या माराबद्दल शाळेला कळलं, तर सोशल सर्व्हिसेस नेमकं काय तपासतात?

निळाई:
'इथे चापटीवर बंदी नाही' असं इंग्लंडमधले बरेच मराठी पालक धरून चालतात. कायदा नक्की काय म्हणतो? 'घरी मारतात' असं मूल शाळेत म्हणालं तर पुढे काय होतं, किती दिवस चालतं? ऐकीव नको, नियम काय ते सांगा.

पाऊलवाट:
अर्धंच खरं. चिल्ड्रन ॲक्ट २००४ च्या कलम ५८ नुसार 'रीझनेबल पनिशमेंट' (मुलाला दिलेली वाजवी शिक्षा) हा पालकांचा बचाव फक्त किरकोळ मारहाणीच्या आरोपापुरता आहे. काळंनिळं पडलं, सूज आली, की तो हातून जाऊ शकतो. स्कॉटलंडमध्ये ७ नोव्हेंबर २०२० पासून आणि वेल्समध्ये २१ मार्च २०२२ पासून हा बचाव उरलेलाच नाही. वेल्समध्ये सुट्टीपुरतं आलेल्यांनाही तोच नियम.

आता प्रक्रिया. शाळेचा सेफगार्डिंग लीड (मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेला कर्मचारी) कौन्सिलला, म्हणजे तिच्या सोशल सर्व्हिसेस खात्याला, कळवतो. पुढे काय करायचं हे एका कामकाजाच्या दिवसात ठरतं. मदतीची गरज दिसली तर चिल्ड्रन ॲक्ट १९८९ च्या सेक्शन १७ खाली, तुमच्या संमतीने काम चालतं. 'सिग्निफिकंट हार्म'चा (मुलाला गंभीर हानी होत असल्याचा किंवा होण्याचा) रास्त संशय आला तर त्याच कायद्याच्या सेक्शन ४७ खाली चौकशी. त्यात कौन्सिल, पोलीस आणि आरोग्यखातं आधी आपसात चर्चा करतात. चाइल्ड प्रोटेक्शन कॉन्फरन्स (मुलाच्या संरक्षणासाठीची बैठक) घ्यायची ठरली तर ती या चर्चेपासून कामकाजाच्या १५ दिवसांत. असेसमेंटला, म्हणजे मुलाच्या आणि घरच्या परिस्थितीच्या तपासणीला, कमाल मुदत ४५ कामकाजाचे दिवस. गुन्हा दाखल झाला नाही म्हणून असेसमेंट थांबत नाही, ही दोन वेगळी कामं आहेत.

हिशोबनीस:
मुख्य गोष्ट अशी की एका धपाट्यावर निकाल लागत नाही. मुलाचं वय काय, मार कुठे बसला, हाताने की पट्ट्याने, किती वेळा, आणि मूल घरी भेदरलेलं असतं का, हे बघतात. गुडघ्या-नडगीवरचं खरचटणं खेळताना होतं. कान, गाल, पाठ, कुल्ल्यांवरचे वळ, समांतर रेघा किंवा बोटांचे ठसे दिसले तर प्रश्न वाढतात.

सगळ्यात जास्त बिघडतं ते मुलाला पढवल्यामुळे. सोशल वर्कर मुलाशी एकट्याशी बोलते. सात वर्षांचं पोर मोठ्या माणसाच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं म्हणू लागलं की तिला लगेच कळतं, आणि नोंद होते ती पालकांनी दडपण आणल्याची. मारलं असेल तर मारलं म्हणा, आणि यापुढे रागाच्या वेळी काय करणार तेही ठरवून सांगा. 'आमच्याकडे असंच वाढवतात' या उत्तराने काहीच साधत नाही. मुलासाठी तर ते फारच वाईट, कारण उद्याही हेच होणार असा त्याचा अर्थ निघतो.

इंग्रजी अडत असेल तर मराठी दुभाषा मागा. मुलाला कधीही दुभाषी करू नका.

झुळूक:
तान्ह्या बाळांबद्दल एक महत्त्वाचं. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांना कमरेखाली, कुल्ल्यांवर जन्मापासून निळसर-राखाडी डाग असतात. त्यांनाच कधीकधी माराच्या खुणा समजतात. माराचा डाग काही दिवसांत रंग बदलून जातो, हा बराच काळ तसाच राहतो. जन्मानंतरच्या तपासणीतच त्याची नोंद रेड बुकमध्ये (बाळाच्या आरोग्याच्या नोंदवहीत) जागा आणि आकारासह करून घ्या. उलट, जे बाळ अजून पालथंही पडत नाही त्याच्या अंगावर काळंनिळं दिसलं तर डॉक्टर चौकशी करणारच, आणि ती व्हायलाच हवी.

निळाई:
भावंडांनाही भेटतात? आणि मूल लगेच घेऊन जातात का?

पाऊलवाट:
घरातल्या सगळ्या मुलांचा विचार होतो. परस्पर घेऊन जायचा अधिकार सोशल वर्करला नाही. तातडीचा धोका असेल तर पोलीस कमाल ७२ तास मुलाला संरक्षणात ठेवू शकतात, त्यापुढे कोर्टाचा आदेश लागतो. भेट नाकारली तर कौन्सिल असा आदेश मागू शकते, तेव्हा दार बंद करू नका. मात्र सेक्शन २० चा कागद पुढे आला तर आधी वकील गाठा. ती मूल कौन्सिलकडे ठेवायला तुम्ही स्वखुशीने दिलेली संमती असते. सही करायची सक्ती नाही, आणि दिलेली संमती मागे घेता येते.