मदत हवी आहे: सेकंडहँड मार्क ८ सिगारेट मशीन घेताना काय काय तपासू?

नमस्कार भाऊ लोकहो, भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान सिगारेट कारखान्यात मी मेंटेनन्स पाहतो. आत्ताची मशीन मिनिटाला हजारेक कांड्या काढते, ते आता पुरून नाही राहिलं, म्हणून मालकांनी मोलिन्स या ब्रिटिश कंपनीची जुनी मार्क ८ पाहायला सांगितली आहे, स्पीड २००० च्या घरात. मार्क ९ सुचवू नका, तिचा ५००० चा स्पीड आमचं पॅकिंग झेलू शकत नाही. इंडस्ट्रियल लायसन्स आधीपासून आहे, तेही सोडा. साधी आणि फिल्टर दोन्ही काढायच्या आहेत.

दोन डीलरशी बोललो, दोघंही "पूर्ण रिकंडिशन केली" म्हणतात पण नेमकं काय बदललं ते सांगत नाहीत, व्हिडिओत मशीन तंबाखूशिवाय नुसती फिरताना दिसते. मी म्हटलं आमचा तंबाखू अन कागद घेऊन येतो, दोन तास सलग चालवून दाखवा, तर एक तयार झाला.

माझी खरी धास्ती उन्हाळ्याची आहे. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो, हवा इतकी कोरडी की तंबाखूचा चुरा होते, कांडीच्या टोकातून गळते अन वजन वरखाली होते. ह्युमिडिफायर लावला तरी लाईट गेली की सगळं मुसळ केरात.

तर ज्यांनी ही मशीन चालवली आहे त्यांनी सांगा, त्या दोन तासांत गार्निचर (तंबाखूभोवती कागद गुंडाळून कांडी बनवणारा भाग), कटिंग नाईफ अन फिल्टर युनिटमध्ये नेमकं काय पाहू, आणि कोणता पार्ट झिजलेला दिसला तर सौदा सोडूनच द्यावा?