अनुभव धागा : गेमिंगचे प्रँक व्हिडिओ मुलांनी बघावेत की नाही, तुम्ही कसं ठरवता?

धागाकर्ती, टिळकवाडी, बेळगाव

आपल्याकडची मुलं शाळेत कन्नड आणि इंग्रजी, घरी मराठी, मोबाईलवर हिंदी असा चार भाषांचा कारभार एकदम सांभाळतात. गेमिंगचे प्रँक व्हिडिओ, म्हणजे गेम खेळता खेळता दुसऱ्याची खोडी काढल्याचे व्हिडिओ, हिंदीत असतात, कन्नडमध्ये असतात, तेलुगूतही असतात. आजीला स्वयंपाकघरात फक्त हसण्याचा आवाज येतो आणि पोरं हसताहेत म्हणजे सगळं बरं चाललंय, असं तिला वाटतं.

गेमला वयाचा शिक्का असतो. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी घरं बांधायच्या गेमला युरोपच्या पेगी पद्धतीत ७ वर्षं आहे. पण त्याच गेमवर कुणी प्रँक करून व्हिडिओ टाकला, तर त्या व्हिडिओला हा शिक्का लागू होत नाही. म्हणजे ते आपल्यालाच ठरवायचं आहे. इथे घरातल्या कहाण्या नकोत, पद्धत लिहा की. काय तपासता, किती मिनिटं बघता, कशावर थांबता?

प्राथमिक शिक्षिका, खानापूर तालुका

बारा मिनिटांच्या व्हिडिओला चार मिनिटं दिली की पुरतात. आधी सुरुवातीचं अर्धं मिनिट बघायचं, त्यात आज कुणाची खोडी काढणार ते सांगितलेलं असतं. मग खालच्या पट्टीवर बोट ठेवून सरकवायचं. यूट्यूबवर बऱ्याच व्हिडिओंवर डोंगरासारखा आलेख वर येतो. त्यातलं सर्वांत उंच टोक म्हणजे लोकांनी पुन्हापुन्हा पाहिलेला भाग. प्रँकमध्ये स्फोट, किंकाळी किंवा रडणं तिथेच सापडतं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं एकेक मिनिट बघायचं.

उरलेला वेळ शेवटाला द्यायचा, कारण खरी परीक्षा तिथे आहे. ज्याची खोडी काढली त्याला शेवटी सांगितलं का? मोडलेलं पुन्हा बांधून दिलं का? तो स्वतः हसला का? तिन्हीला 'होय' असेल तर ती चेष्टा. तो गप्प होऊन गेम सोडून गेला आणि बाकीचे हसतच राहिले, तर मस्करीची कुस्करी झाली. तो व्हिडिओ आठ वर्षांच्या मुलालाही नको आणि बारा वर्षांच्यालाही नको.

शॉर्ट्समध्ये, म्हणजे यूट्यूबच्या छोट्या व्हिडिओंत, शेवट बहुतेकदा कापलेलाच असतो. मुलाला फोडलेलं घर दिसतं, समेट दिसत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'ठरवून केलेलं' आणि 'खरंच घडलेलं' यातला फरक कळेलच असं नाही, म्हणून त्या वयात प्रँकचे शॉर्ट्स पूर्ण बंद ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे.

मुलांसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर (एकत्र खेळायची ऑनलाइन जागा) सांभाळणारा, शहापूर

ताईंनी 'पुन्हा बांधून दिलं का' असं विचारलंय. ते गेमच्या आतून कसं तपासायचं ते सांगतो, कारण व्हिडिओत बांधून दिल्यासारखं दाखवतात आणि प्रत्यक्षात मुलाच्या मित्राचं सगळं गेलेलं असतं.

टीएनटीचा, म्हणजे गेममधल्या स्फोटकाचा, एक ठोकळा म्हणजे ५ गनपावडर आणि ४ वाळू. पेटवला की साधारण ४ सेकंदांत फुटतो. भिंती पुन्हा उभ्या करता येतात हो, पण पेटी फुटली की आतलं सामान जमिनीवर पडतं आणि ५ मिनिटांत नाहीसं होतं. लाव्हात पडलेलं जवळपास सगळंच लगेच जळतं. 'सर्व्हायव्हल' या खेळप्रकारात ते सामान गोळा करायला मुलाने कित्येक संध्याकाळी घालवलेल्या असतात. 'क्रिएटिव्ह' या प्रकारात तेच सामान फुकट आणि हवं तेवढं मिळतं. त्यामुळे व्हिडिओ बघताना आधी पडद्याच्या खालच्या भागात लाल बदामांची रांग आहे का ते बघा. बदाम दिसत असतील तर सर्व्हायव्हल. नसतील तर बहुधा क्रिएटिव्ह, आणि तिथलं नुकसान हलकं असतं.

दुसरं म्हणजे बॅकअप. प्रँक करणारे बहुतेक वेळा गेममधल्या त्या जगाची प्रत आधी काढून ठेवतात, पण ते कॅमेऱ्यासमोर दाखवतीलच असं नाही. मुलगा ते बघून मित्राच्या जगात जाऊन तेच करतो, आणि तिथे प्रत नसते. कमांडचंही, म्हणजे टाइप करून गेमला दिलेल्या हुकमाचंही, तसंच. एका ओळीत अख्खं घर लाव्हाने भरणं किंवा दुसऱ्याला उचलून दरीत टाकणं हे ऑपरेटरचा, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याचा, अधिकार असेल तरच जमतं. तो अधिकार मिळावा म्हणून मुलं अनोळखी सर्व्हरवर ओळखी वाढवतात. माझ्या दृष्टीने जास्त धोका इथे आहे, टीएनटीत नाही.

मूल फारच मागे लागलं तर त्याच्याच जगाची प्रत काढून द्या. मोबाईलवरच्या गेममध्ये जगाच्या नावाशेजारी पेन्सिल असते, ती दाबून खाली जायचं, तिथे 'कॉपी वर्ल्ड' सापडेल. त्या प्रतीत काय फोडायचं ते फोडू दे. मूळ जगाला धक्का लागत नाही.

व्हिडिओ एडिटर, कॅम्प भाग

मुलाला शेजारी बसवून बनावट ओळखायला शिकवता येतं. ज्याची खोडी काढायची आहे त्याचाही पडदा वेगळ्या कोनातून दिसतो का? त्याचा आवाज अगदी स्वच्छ, वेगळ्या माईकवर आहे का? असेल तर तो रेकॉर्डिंगमध्ये सामील आहे, सगळं ठरवून झालंय. याउलट समोरचा आवाज गेमच्या व्हॉइस चॅटमधून फाटका येतोय, तो लहान मूल वाटतोय आणि त्याला काहीच ठाऊक नाही, तर खोडी खरी आहे. ती दाखवू नका.

शिव्यांसाठी एक युक्ती. संगणकावर व्हिडिओखालच्या वर्णनात ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोललेलं सगळं लिहून आलेलं, उघडता येतं. इंग्रजीच्या आपोआप तयार झालेल्या मथळ्यांत (सबटायटल्समध्ये) शिवीच्या जागी चौकटी कंसात रिकामी रेघ येते. त्या रेघा मोजा, व्हिडिओचा बाज एका मिनिटात कळतो. हिंदीवर मात्र या युक्तीचा भरवसा धरू नका, शब्द भलतेच उमटतात, कानांनी ऐकावंच लागतं. कन्नड व्हिडिओ असेल आणि तुमचं कन्नड बाजारापुरतंच असेल, तर शेजारच्या कन्नड काकूंना दोन मिनिटं ऐकवा. बीप टाकलेली शिवीही मुलांना ओळखता येते, हे धरून चाला.

मोबाईल दुकान, निपाणी

सेटिंगचं लिहितो. गिऱ्हाईक 'रिस्ट्रिक्टेड मोड (नको ते व्हिडिओ गाळणारी यूट्यूबची सेटिंग) लावून द्या' म्हणतात. तो त्या एका फोनपुरताच चालतो, मामाच्या फोनवर त्याचा उपयोग नाही. लहान मुलांना यूट्यूब किड्स बरं. त्यात ४ पर्यंत, ५ ते ८ आणि ९ ते १२ असे गट आहेत. शिवाय फक्त आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसावेत अशी सोयही आहे. गट लावून मोकळं होऊ नका, ही निवडीची सोय चालू करा आणि पासकोड स्वतःचा ठेवा. मोठ्या मुलांसाठी पालकांच्या देखरेखीचं खातं असतं, त्यात ९+ आणि १३+ असे टप्पे आहेत.

'मुलांसाठी बनवलेला' ही खूण बहुतेकदा व्हिडिओ टाकणाराच लावतो. त्या व्हिडिओखाली कमेंट बंद असतात. ते चांगल्या मजकुराचं प्रमाणपत्र नव्हे.

घरात एकच फोन, त्यातच यूपीआय आणि तोच पोराच्या हातात, ही आपल्याकडची खरी अडचण. म्हणून वर्णनातल्या लिंक आधी बघा. 'फ्री डायमंड', 'फ्री रोबक्स' (गेममधले पैसे फुकट देण्याचं आमिष) किंवा 'मॉड मेनू' (गेममध्ये फसवाफसवी करायचं बाहेरचं साधन) दिसलं की व्हिडिओ तिथेच बाद, प्रँक कितीही निरुपद्रवी असो. मूळ फ्री फायर या गोळीबाराच्या गेमवर भारतात फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, प्ले स्टोअरवर फ्री फायर मॅक्स राहिला. त्यामुळे जुन्या फ्री फायरची फाईल कुठे मिळाली तर ती टाकू नका. क्रोम किंवा व्हॉट्सॲपला 'अनोळखी ॲप टाकण्याची परवानगी' दिलेली असेल तर काढून घ्या, आणि प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सेटिंग लावा. तरीही पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

समुपदेशक, चिकोडी

तीन प्रकारांना वयाची सूट देऊ नये. पहिला, लहान भावाचं खातं डिलीट केल्याचं नाटक करून त्याला रडवणं. मुलांना तीव्र मानसिक त्रास देणाऱ्या प्रँकना यूट्यूबवर जागा नाही, हे २०१९ मध्ये नियमांत स्पष्ट करण्यात आलं आहे. असा व्हिडिओ दिसला तर नुसता बंद करू नका, रिपोर्ट करा. दुसरा, शांत गेम चालू असताना एकदम भेसूर चेहरा आणि मोठा आवाज. त्यातून झोप बिघडते. मूल काही सांगत नाही, फक्त रात्री दिवा चालू ठेवायला सांगतं.

तिसरा सर्वांत वाईट : खेळता खेळता पोलिसांना खोटी वर्दी देऊन समोरच्याच्या घरी पाठवणं. व्हिडिओ परदेशातला असला तरी आपल्याकडे ११२ हा आणीबाणीचा नंबर मुलांना पाठ असतो. खोट्या फोनमुळे पोलिसांची गाडी निघते आणि खरंच अडचणीत असलेल्याची मदत लांबते. हे मुलाला आधीच, शांतपणे, याच शब्दांत सांगा. आणि चॅटमध्ये कुणी तुमच्याच मुलाला धमकावत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लक्षात ठेवा.

अथणीहून, थोडक्यात

ऊसतोडीच्या दिवसांत घरी आजोबाच असतात, त्यांना आलेख आणि ट्रान्सक्रिप्ट कुठलं जमणार? त्यांच्यासाठी एकच प्रश्न ठेवा. व्हिडिओ संपला की नातवाला विचारायचं, "ज्याची खोडी काढली, तो शेवटी काय म्हणाला रे?" नातवाला सांगता आलं तर ठीक. "काय की, मी त्याच्याकडं बघितलंच नाही" म्हणाला, तर तो व्हिडिओ संध्याकाळी आई-बाबांनी बघायच्या यादीत टाकायचा. कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने चॅनेलचं नाव लिहून ठेवलं तरी चालतं.

धागाकर्ती

अथणीकरांचा प्रश्न शिक्षिका ताईंच्या तीन प्रश्नांच्याही आधी घ्यावा, असं वाटतं. सर्व्हरवाल्या दादांना एक विचारायचं होतं : जगाची प्रत काढल्यावर मूल चुकून मूळ जगच उघडतं, दोन्हींचं नाव सारखंच दिसतं.

सर्व्हर सांभाळणारा, शहापूर

प्रत काढल्यावर लगेच त्याच पेन्सिलमधून तिचं नाव बदला, 'फोडायचं जग' असं मराठीतच लिहा. आणि यादीतलं चित्र बघून उघडू नका, दोन्हींचं चित्र सारखंच असू शकतं. नाव वाचूनच उघडायची सवय लावा.