मिडी फिल्टर पेटी: वाजवताना पट्टी बदलली की सूर अडकतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कीबोर्ड आणि साउंड मॉड्यूल (आवाज निर्माण करणारं यंत्र) यांच्या मधे बसून त्यांचे मिडी संदेश (कोणता सूर कधी वाजवायचा वगैरे सांगणारे आकडे) गाळणारी एक छोटी पेटी बनवतो आहे. मधे संगणक नको, सगळं हार्डवेअरमध्येच हवं. बोर्ड टीन्सी ४.०, इनपुटला ६एन१३८ ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या मदतीने सिग्नल पलीकडे नेणारा भाग), आउटपुट दुसऱ्या सीरियल पोर्टवर. पेटीची कामं तीन: चॅनल आफ्टरटच, म्हणजे धरलेल्या कळेवरच्या दाबाचा संदेश, गाळणं (मॉड्यूल त्यावर सूर थरथरवतं आणि ते तिथे बंद करता येत नाही), बटणाने पट्टी वरखाली करणं, आणि क्लॉक (लय जुळवण्यासाठीचा संदेश) जसाच्या तसा पुढे सोडणं.

अडचण १: सूर धरलेला असताना पट्टी बदलली आणि मग बोट उचललं, तर तो सूर वाजतच राहतो. बटणासोबत सीसी १२३ (सगळे सूर बंद करण्याचा संदेश) पाठवून पाहिला. सूर थांबतात, पण सगळेच एकदम तुटतात. मला धरलेले सूर जुन्या पट्टीत राहायला हवेत, फक्त पुढचे नव्या पट्टीत यावेत.

अडचण २: आफ्टरटचचा फिल्टर चालू केला की मधूनच न वाजवलेले सूर ऐकू येतात. कोडमध्ये डी० हा स्टेटस बाइट (संदेशाचा प्रकार सांगणारा पहिला बाइट; डी० म्हणजे चॅनल आफ्टरटच) आला की तो आणि त्याच्या पुढचा एक बाइट टाकून देतो, बाकी सगळं तसंच पुढे जातं.

शिवाय एक शंका. पूर्ण संदेश जमा होईपर्यंत थांबलो तर वाजवताना उशीर जाणवेल का? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं, ही पेटी मला खरोखर कार्यक्रमात वापरायची आहे.

प्रतिसाद १

दुसरी अडचण आधी घेतो, कारण ती सुटली की रचनाच बदलेल. हा रनिंग स्टेटस आहे. एकच स्टेटस लागोपाठ असेल तर कीबोर्ड तो पुन्हा पाठवत नाही, नुसते डेटा बाइट पाठवतो. म्हणजे डी० एकदाच येतो आणि त्यामागून दाबाचे आकडे येत राहतात. तुम्ही पहिला टाकता, उरलेले मॉड्यूलकडे जातात. मॉड्यूलच्या दृष्टीने शेवटचा स्टेटस ९० (नोट ऑन, म्हणजे सूर सुरू करा) होता, त्यामुळे ते दोन-दोन आकड्यांची जोडी लावून नोट ऑन समजतं. बाइट गाळू नका. पूर्ण संदेश ओळखा आणि मग तो सोडायचा की टाकायचा ते ठरवा.

उशिराची काळजी करू नका. मिडीच्या ३१,२५० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) एक बाइट १० बिटांचा, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद; तीन बाइटचा संदेश ०.९६ मिलिसेकंद. मात्र बाहेर पाठवतानाही रनिंग स्टेटस वापरा. आत दोन बाइट येऊन बाहेर तीन जायला लागले, तर भरगच्च वादनात रांग वाढत जाते.

अडकणाऱ्या सुरासाठी १६ × १२८ चा (१६ चॅनल, प्रत्येकी १२८ सूर) तक्ता ठेवा. नोट ऑनला कोणता सूर बाहेर पाठवला ते त्यात लिहा. नोट ऑफला आजची पट्टी न बघता तक्त्यातला सूर बंद करा. वेग (कळ किती जोरात दाबली तो आकडा) ० असलेला नोट ऑन हाही नोट ऑफच, तो विसरू नका. एक बारकावा: पट्टी बदलल्यावर दोन वेगळ्या कळा बाहेर एकाच सुरावर येऊ शकतात. म्हणून बाहेरच्या प्रत्येक सुराला मोजणी ठेवा आणि ती शून्यावर आली तरच नोट ऑफ पाठवा.

प्रतिसाद २

वरच्या सगळ्याला सहमत. क्लॉकबद्दल: एफ८ एका बाइटचा असतो आणि दुसऱ्या संदेशाच्या मधोमधही येऊ शकतो. तो लगेच पुढे सोडा, रनिंग स्टेटसला हात लावू नका. एफई, म्हणजे अॅक्टिव्ह सेन्सिंग (जोडणी चालू असल्याची खूण), कायमचा गाळा किंवा कायम सोडा. मॉड्यूलला तो एकदा मिळाला आणि मग ३०० मिलिसेकंद काहीच आलं नाही, तर ते सगळे सूर बंद करतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! तक्ता आणि मोजणी घातली, सूर आता अडकत नाही. न वाजवलेले सूरही गेले. एवढंच राहिलं: बाहेरच्या बफरमध्ये (पाठवायचे बाइट थांबतात ती तात्पुरती जागा) आधीच नोट्स रांगेत असतील तर एफ८ त्यांच्या मागे अडकतो. त्याला पुढे कसं काढायचं?

प्रतिसाद २

सीरियलच्या बफरमध्ये एका वेळी एकच बाइट द्या, बाकीची रांग तुमच्याकडे ठेवा. प्रत्येक बाइट देण्याआधी एफ८ वाट बघतोय का ते तपासा. असेल तर आधी तो. मग त्याला फार तर एका बाइटइतकं थांबावं लागेल.