रंग 'विटणे' म्हणजे नक्की काय? मदत हवी आहे

मंडळी, एका शब्दापाशी अडलेय. आजीच्या ट्रंकेतल्या साड्यांची यादी करतेय, प्रत्येकीचा फोटो आणि खाली दोन ओळी, म्हणजे बहिणींना ग्रूपवर टाकता येईल कोणाला कुठली हवी ते. त्यात एक इरकल आहे, जांभळं अंग, लाल पदर. आजीने ती हातात घेतली आणि म्हणाली "ही विटली गं". मला ऐकू आलं विटाळली, म्हटलं आजी आता कसला विटाळ, तर ती जाम हसली.

मग तिनेच घडी उलगडून दाखवली. आतून रंग अगदी गर्द आणि जिथे जिथे घडीची कड वर आलेली तिथे राखाडी-जांभळा पट्टा, फूटपट्टीने आखल्यासारखा. मी म्हटलं म्हणजे रंग गेला ना, तर म्हणे नाही, जातो तो पाण्यात, बादलीत दिसतो. आणि उडतो तो डाग, हळदीचा डाग उन्हात घातला की उडतो तसा (त्याला साबण लागला की आधी लाल होतो ते वेगळंच). विटतो तो न धुता, न वापरता, नुसता पडून पडून.

हा फरक तुमच्याकडे पण करतात का? की आमच्या आजीचंच हे व्याकरण?

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडला, 1857 ची आवृत्ती नेटवर आहे, त्यात रंगाचा अर्थ आहे आणि कंटाळण्याचा पण. संसाराला विटला, जिवाला विटली हे मला माहीत होतं, पण मग आधी कुठला, रंग विटला म्हणून माणूस विटला की उलटं? आणि 'वीट येणे' मधला वीट हाच का?

अजून एक, उन्हाने साडी 'विटवली' असं चालतं का? मला कानाला खटकतंय, पण कारण सांगता येत नाही.

खरी अडचण यादीची आहे. आई म्हणते 'विटकी' लिहिलंस तर कोणी हात लावणार नाही, विटकं म्हटलं की फडकंच डोळ्यासमोर येतं. 'फिकी' लिहावं तर ते खोटं, कारण आतला रंग अजून तसाच आहे. सध्या 'घडीवर विटलेली' एवढंच लिहून ठेवलंय. विदर्भ, मराठवाडा, कोकणवाल्यांनी जरूर सांगा, तुमच्याकडे अशा साडीला काय म्हणतात?