आणखी एक बॅटरी घेण्याआधी

नवी बॅटरी बसवूनही आपली जुनी डिझेल गाडी सकाळी सुरू होत नाही, असे आपण लिहिले आहे. तरीही आणखी एक बॅटरी घेण्याची घाई कृपया करू नये. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत बॅटरीच्या दोन टोकांना मल्टिमीटर (व्होल्टेज मोजण्याचे उपकरण) लावल्यास साधारण 12.6 व्होल्ट दिसायला हवेत, आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. हा दुसरा आकडा 13 च्या खाली राहिला, तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) उतरवण्यापूर्वी, इंजिन चालू ठेवून व दिवे लावून, इंजिनचा उघडा धातू आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील व्होल्टेज मोजावे; ते 0.2 पेक्षा जास्त असल्यास अर्थची पट्टी (इंजिनला बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणारी धातूची पट्टी) गंजली किंवा सैल झाली आहे, आणि वास्को-कळंगुटच्या खाऱ्या हवेत माझा पहिला संशय तिच्यावरच असतो.

पट्टी ठीक निघाली, तर अल्टरनेटरकडे वळावे. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप (पेडल हलके राहावे म्हणून निर्वात तयार करणारा) अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो. त्याचे सील गेले की ऑइल अल्टरनेटरच्या आत झिरपून कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) खराब होतात, आणि सील न बदलता केवळ ब्रश बदलले तर तोच बिघाड पुन्हा उद्भवतो. ब्रेक पेडल जड लागत असेल, तर या पंपाची तपासणी होईपर्यंत गाडी बाहेर काढू नये.