पायलोनिडल सायनस: फ्लॅप, लेझर की उघडी जखम? मदत हवी आहे

भाऊ, वय 24. पायलोनिडल सायनस, म्हणजे नितंबांच्या घळीत केस अडकून कातडीखाली तयार झालेला मार्ग. माकडहाडावरच्या गळूला महिन्यापूर्वी चिरा देऊन पू काढला. आता नितंबांच्या घळीत मधोमध दोन बारीक छिद्रं आहेत, वर डावीकडचं एक तोंड अधूनमधून पाझरतं. एक सर्जन फ्लॅप (शेजारची कातडी सरकवून जखम झाकणं) सांगतात, दुसरे लेझर, तिसरे म्हणतात कापून जखम उघडी ठेवू. काम दिवसभर बसून. निवड कशी करायची? आणि घरी ड्रेसिंग जमेल का?

प्रतिसाद १
सर्जनना आधी एवढंच विचारा: टाक्यांची रेघ मधोमध येणार की बाजूला? मधोमध आली तर घाम, घर्षण, बसतानाचा ताण सगळा तिच्यावरच. टाके तिथेच उसवतात आणि आजार परततो तोही बहुधा तिथूनच. लिंबर्ग फ्लॅपमध्ये शंकरपाळीच्या आकाराचा भाग काढून शेजारची कातडी चरबीसकट फिरवून बसवतात. कारिदाकिस या दुसऱ्या फ्लॅपमध्ये रेघ बाजूला नेतात. दोन्हींत घळ उथळ होते, खरा फायदा तो. लिंबर्गचं खालचं टोक मधोमध राहिलं तर तेवढंच फाटतं, म्हणून तेही बाजूला घ्यायला सांगा. सक्शन ड्रेन (आत साचणारं पाणी ओढून घेणारी नळी) साधारण 2 ते 5 दिवस, टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात, थेट बसणं दोनेक आठवडे बंद. ड्रेन निघाल्यावर फुगवटा आला तर खाली पाणी साचलंय, दाखवा.

लेझरने तो मार्ग आतून जाळतात; एकच लहान, सरळ मार्ग असेल तर हरकत नाही. त्याआधी आतले केस आणि घाण ब्रशने पूर्ण निघायला हवी. फाटे असले की काहीतरी आत राहतंच.

धागाकर्ता
हे भगंदर तर नाही ना?

प्रतिसाद १
भगंदराचा मार्ग आत गुदमार्गात उघडतो, बाहेरचं तोंड सहसा गुदद्वाराजवळ असतं. मधोमधची छिद्रं पायलोनिडलचीच खूण. पाझरणारं तोंड खाली गुदद्वाराकडे असतं तर एमआरआय करा म्हटलं असतं.

प्रतिसाद २
उघडी जखम भरायला 6 ते 10 आठवडे, कधी जास्तही. ड्रेसिंग घरी जमतं, पण दुसरं माणूस लागतं. स्वतःला तिथलं दिसत नाही. शॉवरने धुवा. सलाइनमध्ये भिजवून पिळलेली गॉजची एकच सलग पट्टी तळापर्यंत अलगद सोडा, शेपूट बाहेर ठेवा. तुकडे नकोत, एखादा आत विसरतो. ठासून भरलं तर मांस भरत नाही, नुसतं वर ठेवलं तर कातडी आधी मिटते आणि खाली पोकळी उरते. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका, कोवळं मांस जळतं.

दर वेळी टॉर्च मारून तळ बघा. लालबुंद मांसात काळी रेघ दिसली तर तो गळून आलेला केस, चिमट्याने काढा. तोच राहिला की जखम महिनोन्‌महिने अडते. कडेचे केस आठवड्याला ट्रिमरने काढा. मांस कडेच्या वर फुगून लगेच रक्त येऊ लागलं तर सर्जन सिल्व्हर नायट्रेट (वाढलेलं मांस जाळणारं औषध) लावतात, ते घरी नको. ताप, पसरती लाली, थांबत नसलेलं रक्त असेल तर त्याच दिवशी जा.