युरोपियन युनियनमधे २७ देशांचं जमतं तरी कसं? व्हेटो असतो की नसतो?

मुसाफिर_४४:
शंका बेसिक आहे, हसू नका. आमच्या सोसायटीत लिफ्टचा रंग ठरवायला तीन मिटिंगा झाल्या आणि अजून ठरलेला नाहीये, मग तिकडे २७ सरकारं एका कायद्यावर येतात कशी? डिसेंबर २०२३ मधे हंगेरीचा पंतप्रधान ओर्बान बैठकीतून कॉफीला म्हणून बाहेर गेला आणि मागे २६ जणांनी युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायचं ठरवून टाकलं. पण जून २०२४ मधे निसर्ग पुनर्स्थापनेच्या कायद्याला इटली, पोलंड, हंगेरी, नेदरलँड्स, स्वीडन, फिनलंड असे सहा विरोधात, तरी तो पास. एकाला बाहेर पाठवावं लागतं आणि सहा जणांना कोणी विचारत नाही, हे काय गणित आहे?

पडवळ:
विषयावर अवलंबून आहे भाऊ. टॅक्स, परराष्ट्र धोरण, नवा देश आत घेणं, इथे एकमत लागतं. बाकी बहुतेक ठिकाणी डबल हिशोब, देशांपैकी ५५ टक्के म्हणजे २७ पैकी १५, आणि त्यांची लोकसंख्या मिळून ६५ टक्के. अडवायचं असेल तर ३५ टक्क्यांच्या वर लोकसंख्या आणि कमीत कमी ४ देश, म्हणजे तीन मोठ्यांनीच मिळून गळा धरू नये.
आता गंमत बघ. एकमतात गप्प बसलेला आडवा येत नाही, म्हणून जर्मनीचा तेव्हाचा चॅन्सेलर (म्हणजे पंतप्रधानच) शोल्त्सने ओर्बानला कॉफीचं सुचवलं आणि त्याला घरी जाऊन 'मी हो म्हणालोच नाही' सांगायची सोय झाली. बहुमतात उलटं, तटस्थ राहिलास की तुझी लोकसंख्या होकारात धरत नाहीत, म्हणजे ते नाहीच. निसर्गाच्या वेळी बेल्जियम तसाच बसला होता, मंत्र्यांच्या बैठकीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे असून!

चष्मेबद्दूर:
थोडक्यात आपली जीएसटी कौन्सिल. केंद्राचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश, पास व्हायला तीन चतुर्थांश. आणि मतदान होतच नाही सहसा, पहिलं झालं डिसेंबर २०१९ ला, तेही लॉटरीच्या रेटवर 😀

पडवळ:
@चष्मेबद्दूर अर्धं बरोबर. जीएसटीत केंद्र नाही म्हणालं की विषय संपला, राज्यं सगळी मिळूनही तीन चतुर्थांश होत नाहीत. तिकडे प्रस्ताव आणतं युरोपियन कमिशन, म्हणजे युनियनचं प्रशासन, पण देशांच्या मंत्र्यांच्या टेबलावर त्याला मतच नाही.

रात्रपाळी:
निसर्गाच्या कायद्याचा खरा किस्सा राहिला की. १७ जून २०२४, लक्झेंबर्ग. ऑस्ट्रियाची पर्यावरणमंत्री गेवेस्लर ग्रीन पक्षाची, तिचा चॅन्सेलर नेहामर दुसऱ्या पक्षाचा, आणि तो अध्यक्ष बेल्जियमला कळवतोय की हिला हो म्हणायचा अधिकार नाही. बेल्जियमचं म्हणणं, तुमच्या घरातलं भांडण तुम्ही बघा. बाईंनी हो केलं. २० देश, ६६.०७ टक्के. ऑस्ट्रिया जेमतेम दोन टक्के, ते काढले तर ६४, म्हणजे कायदा खड्ड्यात. घरी परत गेल्यावर चॅन्सेलरच्या पक्षाने फौजदारी तक्रारीची भाषा केली.
पण असं क्वचितच. एरवी राजदूतांच्या समितीत, कोरेपर म्हणतात तिला, आधीच मिटवलेलं असतं आणि मंत्री चर्चा न करता यादीच्या यादी पास करतात. मासेमारीच्या बैठकीत भलत्याच खात्याचा विषय पास होऊ शकतो, खरंच.

आंबेवाला_देवगड:
यादीवरून आठवलं. १ मे २०१४ पासून आपल्या हापूसवर युरोपची बंदी आली होती ना, फळमाशीमुळे, सोबत अळू, कारलं, पडवळ आणि वांगंही (पडवळशेठ, तुम्हालाच बंदी होती 😂). ती पण मंत्र्यांनी नाही, देशांच्या तज्ज्ञांच्या कमिटीने ठरवली. मुदत डिसेंबर २०१५ पर्यंत होती, पण जानेवारी २०१५ मधेच आंब्यावरची उठवायचं ठरलं, सीझनच्या आधी. आमच्या मामांनी त्या वर्षी अर्धा माल स्वस्तात काढला, आणि आम्ही सगळे टीव्हीवर मंत्री काय बोलतात ते ऐकत बसलेलो.

मुसाफिर_४४:
कळलं, आभार सगळ्यांचे. म्हणजे बहुमताच्या विषयात गैरहजर राहणारा विरोधक आणि एकमतात तोच सोयीचा. आमचे तिसऱ्या मजल्यावरचे काका दर मिटिंगला शेवटी 'माझं काही म्हणणं नाही' म्हणतात, ते कशात धरायचं हे आधी ठरवून घेतो. पिस्ता कलरला सध्या एक मत कमी पडतंय.